नाताळचं बदक आपल्या भागात नाही

डोळखांब, ता. शहापूर
डिसेंबरची बारा तारीख

श्रीमती सेराफिनाबाई यांस, रत्नाचा डोळखांबहून मनापासून नमस्कार.

सगळ्यात आधी लिहिते, प्रिस्का बरी आहे. पोटातलं बाळही बरं आहे. अनोळखी अक्षरातलं पत्र आलं की काळजात धस्स होतं, म्हणून हे पहिल्या ओळीत. आता पाणी प्या आणि पुढचं सावकाश वाचा.

पत्राच्या माथ्यावर काय काढावं यातच माझी सकाळ गेली. आमच्याकडे वर 'श्री' काढल्याशिवाय पेन पुढे सरकत नाही, पण तुम्हाला ते रुचेल का कळेना. मंगेशचे बाबा म्हणाले, क्रूस काढ. मी काढला, तर तो बेरजेचं चिन्ह दिसायला लागला आणि पत्र गणिताच्या पेपरासारखं वाटायला लागलं. तो कागद चुलीत गेला. शेवटी वरची जागा कोरी सोडली आहे. तुमच्या आणि आमच्या देवांनी ती आपापली समजून घ्यावी, दोघं मोठ्या मनाचे आहेत.

तुमचा डावा गुडघा कसा आहे? (गुडघ्याचं प्रिस्काने सांगितलं. ती तुमच्याबद्दल फार बोलत नाही, पण थंडी पडली की 'आईचा गुडघा' एवढं म्हणतेच.) वाडीतल्या केळी कशा आहेत? यंदा तुमच्याकडे पाऊस लांबला असं ऐकलं. आमचं भात उशिरा कापलं, पण पदरात पडलं. आता रिकाम्या खाचरांत वाल पेरला आहे, तो वीतभर वर आलाय. थंडी अशी आहे की सकाळी कोंबड्यासुद्धा दार उघडलं तरी बाहेर पडायला तयार नसतात.

मी मंगेशची आई, तुमच्या प्रिस्काची सासू. लग्नाला वर्ष होऊन गेलं तरी आपण एकमेकींना पाहिलेलं नाही, त्यामुळे ओळख करून द्यावी लागते. उमेदीची सगळी वर्षं अंगणवाडीत पोरांच्या शेंबड्या नाकांमागे गेली, आता घरी असते. मी तुम्हाला फोन केले होते. तुम्ही उचलले नाहीत. मग मेसेज केले, त्यावर दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे तुम्ही वाचले. तेवढ्यावरही मी खूश होते. पण पत्राची गोष्ट वेगळी. पत्र पोस्टमन हातात देतो, आणि हातात आलेलं पाकीट न फोडता ठेवणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. हे पत्र काही मागायला लिहिलेलं नाही, एवढं मात्र नक्की. आमच्या घरात जो गोंधळ झाला तो कुणाला तरी सांगावा असं वाटलं. आणि तुमच्याशिवाय तो कळेल असं दुसरं माणूस मला आठवलं नाही.

तर झालं असं. प्रिस्काला सहावा महिना लागला आणि शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, जपून राहायचं, पलंगावरच पडून राहायचं, लांबचा प्रवास नाही. पोरगी स्वतः नर्स. दुसऱ्यांना 'हलायचं नाही' असं दरडावून सांगायची तिची सवय, आणि आता तेच तिला कुणीतरी सांगतंय. पहिले चार दिवस तिने उशीला, मला आणि छताला जाब विचारला. मग गप्प झाली. तिचं गप्प होणं मला आवडलं नाही. भांडणारी सून परवडते.

आमच्या घराच्या मधल्या भिंती आढ्यापर्यंत जात नाहीत, वरून मोकळ्या आहेत. त्यामुळे एका खोलीत कुजबुजलं की दुसऱ्या खोलीत भजनासारखं ऐकू येतं. (मी कान लावत नाही. लावावा लागत नाही.) एका संध्याकाळी मंगेश भिवंडीच्या गोदामातल्या कामावरून आला तेव्हा ती त्याला सांगत होती. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तुमच्याकडे करंज्या तळून झाल्या की सगळं घर एक पिक्चर बघायचं. बदकाचा पिक्चर. बोटीवर कामाला असलेल्या कुणा नातेवाइकाने आणलेली ती कॅसेट. काळा-पांढरा, इंग्रजी, आणि प्रिस्काचे पप्पा प्रत्येक वाक्य तुमच्या वसईच्या बोलीत मोठ्याने सांगायचे, अगदी बदकाचंसुद्धा. नाव कुणालाच माहीत नाही, कारण कॅसेटवरचा कागद ती जन्मायच्या आधीच निघाला होता. पप्पा गेले, त्याच पावसाळ्यात घरात पाणी शिरून कॅसेटही गेली. मंगेश म्हणाला, बाळ झालं की आपण नाताळला वसईलाच जाऊ. त्यावर ती म्हणाली, "गेलो तरी आई दार उघडेल का?"

मी त्या रात्रीच ठरवलं की हा पिक्चर शोधायचा. आजकाल सगळे पिक्चर टीव्हीत असतात असं म्हणतात. शोधायचा म्हणजे दाबायचं आणि बघायचं, अशी माझी समजूत. मंगेशला सांगायचं नाही असंही ठरलं, कारण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि मला प्रिस्काला चकित करायचं होतं. म्हणजे घरात टीव्हीतलं ज्याला कळतं त्याला वगळून, ज्यांना कळत नाही अशा दोघांनी हे काम हाती घेतलं.

मंगेशचे बाबा एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. कुठलंही यंत्र आवाजावरून ओळखता येतं असा त्यांचा विश्वास आहे, आणि आमच्या नव्या टीव्हीच्या रिमोटमध्ये बोलायची सोय आहे हे कळल्यावर त्यांना फार आनंद झाला. त्यांनी रिमोट तोंडाजवळ धरला आणि पलीकडच्या बांधावरच्या माणसाला हाक मारावी तसे ओरडले, "नाताळ!" टीव्ही जरा विचारात पडला. मग त्याने दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ नावाच्या प्रांतातली एक जुनी क्रिकेटची मॅच लावली. मी म्हटलं, हे नव्हे. ते म्हणाले, "थांब गो, ह्याचं शेपूट बाकी हाय." ते शेपूट संध्याकाळपर्यंत पुरलं. कोण जिंकलं ते त्यांना विचारा, अजून सांगतात.

दुसऱ्या दिवशी रिमोट मी घेतला. अंगणवाडीतल्या मुलाला समजावून सांगावं तसं हळू आणि गोड बोलले: जुना पिक्चर, बदक, नाताळ, घरातल्या सगळ्यांनी मिळून बघायचा. टीव्हीने सगळं ऐकून घेतलं आणि बदकाचं कालवण कसं करायचं ते दाखवलं. लागोपाठ, वेगवेगळ्या बायकांनी, खोबरं घालून आणि न घालता. शेजारची हिराबाई वालाच्या बियाण्याची चौकशी करायला आली होती, ती तिथेच बसली. दुपारी जाताना म्हणाली, पिक्चर चांगला होता, पण गोष्ट कळली नाही.

मग मी शहापूरला अजयच्या मोबाइलच्या दुकानात गेले. अजय चाळिशीचा गृहस्थ आहे, सगळं कळतं आणि काहीच ऐकत नाही, अशातला. मी अर्धं सांगेपर्यंत म्हणाला, "काकी, ख्रिसमस, फॅमिली, जुना. समजलं. टेन्शन नाय." आणि एक इवलासा पेनड्राइव्ह भरून हातात दिला. बदक आहे ना, असं मी दोनदा विचारलं. तो म्हणाला, सगळं आहे त्यात.

आधी तपासून घ्यावा म्हणून आम्ही तो बाहेरच्या खोलीत लावला. प्रिस्काला आत सांगितलं, बचत गटाची मीटिंग आहे. हिराबाईला बोलावलंच होतं, कारण तिला आता शेवटपर्यंत बघायची ओढ लागली होती. सुरुवात छान होती. बर्फ पडतंय, झाडाला दिवे लावलेत, दोन गोरी पोरं झोपलीत, आणि लाल टोपीचा पांढऱ्या दाढीचा म्हातारा पाठीवर पोतं घेऊन हळूच घरात येतो. हिराबाईने हात जोडले. (तिला वाटलं, तुमचा देव आला.) म्हाताऱ्याने पोत्यात हात घातला आणि कुऱ्हाड काढली.

पुढचं मी लिहीत नाही. तुमच्या सणाची बदनामी माझ्या हातून नको. मंगेशच्या बाबांना घाईत रिमोटचं बटण सापडेना, म्हणून त्यांनी टीव्हीवर गोधडी टाकली. चित्र गेलं, पण गोधडीखालून किंकाळ्या चालूच. आतून प्रिस्काचा आवाज आला, "आई, मीटिंगमध्ये काय चाललंय?" हे ओरडले, "अध्यक्षाची निवडणूक!" तेवढ्यात मी बोर्डावरचं बटण बंद केलं. हिराबाई जाताना माझ्या कानाशी लागून म्हणाली, "रत्ना, पोरीला माहेरी न्हेऊ नको गो, तिकडं लय वाईट हाय." तिची समजूत काढायला मला दोन दिवस लागले. अजून ती लाल टोपीवाला दूधवाला दिसला की दाराला कडी घालते.

यानंतर शहाण्या माणसाने नाद सोडला असता. पण प्रिस्काने त्या दिवशी ताटातली भाकरी अर्धी ठेवली. मंगेशच्या बाबांनी ती अर्धी भाकरी पाहिली आणि ते फोन घेऊन पाण्याच्या टाकीवर गेले. टीव्हीचं नेट फोनला कसं जोडायचं ते फक्त मंगेशला ठाऊक, आणि फोनला नेटची चांगली रेंज आमच्याकडे फक्त त्या टाकीच्या शिडीवर, चौथ्या पायरीवर मिळते. पाचवीवर जात नाही आणि तिसरीवर येत नाही. तिथे उभं राहून, एक हात शिडीला आणि एका हातात फोन, असं त्यांनी संध्याकाळपर्यंत शोधलं. आणि काय सांगू, सापडला! निदान तसं वाटलं. काळा-पांढरा फोटो, बर्फातलं कौलारू घर, पोरांचा घोळका, आणि एका पोरीच्या काखेत हे एवढं मोठं बदक. (त्याला इंग्रजीत दुसरं नाव आहे म्हणे, आपल्या बदकाहून ते मोठं असतं. पण तुमच्याकडे बदकच म्हणत होते, तर आपणही बदकच म्हणू.) यांनी शिडीवरूनच मला हाक मारली. मी पिठाच्या हातांनी धावले. त्यांनी माझ्यासमोर फोटोवर बोट ठेवलं, आणि पडद्यावर अक्षरं आली: हे तुमच्या भागात उपलब्ध नाही.

सेराफिनाबाई, मी या माणसाला अनेक वर्षं ओळखते. एसटी वेळेवर येत नाही, उन्हाळ्यात नळाला पाणी नाही, दवाखान्यात डॉक्टर नाहीत, हे सगळं त्यांनी शांतपणे सोसलं आहे. पण या वाक्याने त्यांचा तोल गेला. "आपल्या भागात नाय म्हणजे काय? आमी काय मानसं नाय? आमाला बदक नाय?" शिडीवरून उतरून ते थेट तहसीलदारांकडे निघाले होते. मी त्यांना अडवलं, कारण कचेरीत काय सांगणार, तक्रार कुणाविरुद्ध करणार? तेव्हा त्यांच्या डोक्यात दुसरा प्रकाश पडला. ते म्हणाले, शहापूर तालुक्यात नसेल, पण मुरबाडला असेल. मुरबाडला नेहमीच आपल्या आधी सगळं मिळतं.

तुम्ही हसाल. मीही आता हसते. पण तेव्हा मला ते पटलं.

मुरबाडला माझी नणंद आहे, दर्शनावन्सं. तिच्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मंगेशच्या लग्नाला सगळ्यात जास्त विरोध कुणी केला असेल, तर तिने. (तुमच्यानंतर.) भावाच्या घराची पायरी चढणार नाही असं सांगून ती गेली होती आणि शब्दाची पक्की असल्यामुळे चढलीही नव्हती. पण तिच्याकडे भिंतभर टीव्ही आहे आणि तालुका वेगळा आहे, त्यामुळे इलाज नव्हता. सकाळी मोटरसायकलवर निघालो. किन्हवलीला यांनी गाडी थांबवून फोन बघितला. नाही. तालुक्याची हद्द ओलांडली तशी मोठ्या आशेने पुन्हा थांबवली. रेंजच नाही. सरळगावच्या नाक्यावर पुन्हा. उपलब्ध नाही. मी मागे बसून म्हटलं, अहो, सरळगाव कडेला पडतं, अजून मुरबाडचा भाग नीट लागला नसेल. बघा, माणूस नादाला लागलं की कसं बोलतं.

दर्शनावन्संनी दार उघडलं आणि आम्हाला बघून तिचा चेहरा पडला. तिला वाटलं, वाईट बातमी आहे. यांनी चप्पल काढता काढता विचारलं, "ताय, तुमच्या भागात बदक हाय का?" मग बसून मी सगळं सांगितलं. भिंतीवरून ऐकलेलंसुद्धा. तुमच्या दाराबद्दल प्रिस्का जे बोलली तेही सांगितलं. वन्संनी उठून टीव्ही लावला. तिथेही तेच वाक्य आलं. आता अपमान मुरबाडचाही झाला होता. वन्संनी कल्याणला तिच्या मुलीला, पूजाला, फोन लावला आणि दरडावून विचारलं, तुमच्या कल्याणात तरी आहे का? पूजा बराच वेळ हसत होती. मग तिने समजावून सांगितलं की भाग म्हणजे तालुका नव्हे, देश. तो पिक्चर आपल्या देशातच दाखवत नाहीत. आणि फोटोत बदक आहे म्हणून तो तुमचाच पिक्चर, असंही काही नाही. बदकाचे पिक्चर ढिगाने असतात.

सगळ्या देशालाच नाही म्हटल्यावर मंगेशच्या बाबांचा राग एकदम उतरला. अपमान सगळ्यांत वाटून घेतला की हलका होतो. पण मला मात्र रडू आलं. बदकासाठी नाही हो. इतकं धावून रिकाम्या हाताने घरी जायचं, आणि घरी ती पोरगी छताकडे बघत पडलेली. वन्संनी चहा ठेवला. माझ्याकडे पाठ करून, साखर घालता घालता विचारलं, "जेवते का नीट?" मी म्हटलं, नाही. निघताना तिने नाचणीच्या लाडवांचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, माझं नाव सांगू नको.

नाव मी सांगितलं नाही. तिनेच सांगितलं. आम्ही घरी पोचायच्या आधीच तिने प्रिस्काला फोन केला होता. लग्नानंतरचा पहिला. ना हालहवाल, ना मागचं काही. थेट म्हणाली, "मी दर्शनाआत्या. तुझं बदक मुरबाडला पन नाय गो. कल्यानला पन नाय. लाडू खा." आणि ठेवला. आम्ही दारात पाऊल टाकलं तेव्हा प्रिस्का उशीला टेकून बसली होती आणि हसत होती. पोट धरून, हलायचं नाही हे विसरून. मी हसू नको म्हणते, तर तिला आणखी हसू येतं. क्रिकेटची मॅच, कालवण, कुऱ्हाड, टाकी, सगळं तिने माझ्याकडून वदवून घेतलं. अध्यक्षाच्या निवडणुकीचं ऐकल्यावर तर तिला ठसका लागला. आणि मग हसता हसता ती रडायला लागली. मी तिच्याजवळ बसले. म्हणाली, "आई, तुम्ही पप्पांसाठी मुरबाडला गेलात?" मी म्हटलं, पप्पांसाठी कशाला, बदकासाठी.

रविवारी दर्शनावन्सं आली. ती कशी आली, पायरीशी कशी थांबली, मग कशी चढली, ते मी लिहीत नाही. तिला आवडणार नाही. मंगेशला सुट्टी होती. आम्ही प्रिस्काची बाज उचलून पडवीत उन्हाला ठेवली, आणि प्रिस्का म्हणाली, पिक्चर टीव्हीत नाही ना, मग मी सांगते. आणि तिने सांगितला, सेराफिनाबाई! मी अंगणवाडीत गोष्टी सांगण्यात जन्म घालवला, पण असं मला कधी जमलं नाही. तो गरीब सुतार, त्याची पाच पोरं, नाताळच्या जेवणासाठी आणलेलं ते बदक, धाकट्या पोरीचा त्याच्यावर जडलेला जीव, आणि मग ते सगळ्यांनी मिळून लपवणं: आधी पलंगाखाली, मग देवळातल्या घंटेच्या खोलीत, मग शिंपिणीच्या कपाटात. सुताराचं बोलणं ती पप्पांच्या आवाजात करत होती. मंगेश म्हणतो, हुबेहूब. (त्याने पप्पांना कधी पाहिलेलं नाही, पण त्याला खात्री आहे.) तिने बदकाचा आवाज काढला तेव्हा आमच्या कोंबड्यांनी अंगणातून उत्तर दिलं. हिराबाईने सोलायला आणलेल्या शेंगा मांडीवर तशाच राहिल्या. मधे एकदा तिने विचारलं, "बर्फ म्हंजे गोळ्यातला का?" प्रिस्का म्हणाली, तोच, पण फुकट. मंगेशचे बाबा तर सुताराच्या बाजूने होते. माणसाने एवढी मेहनत करून बदक आणलं आणि पोरं लपवतात म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. अर्ध्या पिक्चरनंतर तेही फुटले आणि बदक आणखी कुठे लपवता आलं असतं ते सुचवायला लागले. दर्शनावन्सं बाजेच्या पायथ्याशी बसली होती. तिचा हात प्रिस्काच्या पावलावर कधी गेला, ते तिलाही कळलं नसेल. मी पाहिलं.

संध्याकाळी प्रिस्काने भाकरी पूर्ण खाल्ली आणि वर अर्धी मागितली.

तर असा सगळा गोंधळ. पिक्चर सापडला नाही, पण आमचं त्यावाचून काही अडलं नाही. आता सगळं ठीक आहे. तुम्ही काळजी करू नका. प्रिस्काला गोडधोड मिळतंय, औषधं वेळेवर आहेत, आणि हिराबाईने लाल टोपी सोडून बाकी सगळं माफ केलं आहे. पडवीत आकाशकंदील दिवाळीपासून उतरवला नव्हता, तोच नाताळचा तारा म्हणून चालवून घेतला आहे. तुमच्या गुडघ्याला एरंडाचं पान शेकून बांधा. घरातल्या थोरांना माझा नमस्कार कळवा, लहानांच्या डोक्यावरून हात फिरवा, आणि तुम्ही स्वतः जपून राहा.

तुमची (तुम्ही मानलंत तर) विहीण,
रत्ना

ता. क. वर मी लिहिलं आहे की प्रिस्काने पिक्चर सांगितला. पूर्ण नाही सांगितला. सुतार सुरी घेऊन शिंपिणीच्या घरी जातो, कपाटाला हात घालतो, धाकटी पोर आडवी येते, आणि तिथे प्रिस्का थांबली. आम्ही सगळे वाट बघतोय. तर म्हणाली, पुढचं मला माहीत नाही. दरवर्षी मी इथेच पप्पांच्या मांडीवर झोपून जायची. सकाळी विचारलं की पप्पा म्हणायचे बदक वाचलं, दादा म्हणायचा खाल्लं, आणि आई हसायची, काही बोलायची नाही. सेराफिनाबाई, रविवारपासून आमच्या घरात दोन पक्ष पडले आहेत. मंगेशचे बाबा जेवताना मधेच घास थांबवून म्हणतात, "कापलं नसंल गो." हिराबाई रोज सकाळी येऊन विचारते, काही कळलं का. पप्पा आता नाहीत, दादा चिडवायला बोलायचा; शेवट पाहिलेलं खात्रीचं माणूस आता तुम्ही एकट्याच आहात.

ता. क. दुसरं. हे फोनवर सांगू नका. पत्रानेही कळवू नका. फोनवर सांगितलंत तर प्रिस्काला गोष्ट मिळेल, आई मिळणार नाही. येऊन सांगा. नाताळच्या आदल्या दिवशी या. हे पत्र काही मागायला नाही असं वर लिहिलं आहे, ते खोडायला आता जागा उरलेली नाही, म्हणून तसंच राहू दे. करंज्या आम्हाला जमतात, पण तुमच्यासारख्या नाहीत असं प्रिस्काने मला गोड शब्दांत सांगितलं आहे. ती शहाणी आहे, पण मला कळतं. मी हे पत्र लिहिलंय हे तिला माहीत नाही. तुम्ही आला नाहीत, तर तिला काहीच कळणार नाही. तेवढी काळजी मी घेतली आहे.

ता. क. तिसरं. मला तुमचा राग नाही असं लिहिणार होते. थोडा आहे. तुम्ही आलात की चहा होईपर्यंत मी तो धरून ठेवीन, मग सोडीन. तुमचा माझ्यावर असेल तर तुम्हीही तसंच करा.

ता. क. शेवटचं. दिव्याला गाडी बदला, कल्याणहून कसाऱ्याची धरा, आणि आटगावला उतरा. जिना उंच आहे, गुडघ्याला त्रास होईल, तेव्हा एकट्या चढू नका, फलाटावरच थांबा. मी सकाळपासून तिथे असेन. कुठल्या गाडीने येणार ते कळवायची गरज नाही. मी सगळ्या गाड्या बघेन.